पीकसंरक्षणाची बंदूक : हिंगणी परिसरातील परवाने, कायदा आणि अंमलबजावणी

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातून बोर धरणाकडे जाणारा रस्ता हिंगणीवरून जातो. गावाच्या एका अंगाला कपाशी, तूर आणि सोयाबीनची शेते आहेत, तर दुसऱ्या अंगाला बोरचे जंगल. धरणाच्या कालव्याचे पाणी जेथे पोहोचते तेथे रब्बीत गहू आणि हरभराही उभा राहतो. जंगलाकाठच्या अशा शिवारात पीक हाती येईपर्यंत शेतकऱ्याला जागलीला जावे लागते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाची किंवा हरभऱ्याची पट्टी उकरून टाकतो. रोह्यांचा कळप शेतातून गेला की तूर आडवी होते. मचाणावर बसून डबे वाजवणे, टेंभा पेटवणे, कुत्री पाळणे हे उपाय जुनेच आहेत आणि ते अपुरे पडतात हाही अनुभव जुनाच आहे. त्यामुळे जंगलालगतच्या गावांतून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे पीकसंरक्षणासाठी बंदुकीच्या परवान्याचे अर्ज जातात.

या अर्जांचे पुढे काय होते, कोणत्या कार्यालयात ते का थांबतात आणि परवाना हाती आल्यानंतर शेतकऱ्याला नेमका कशाचा अधिकार मिळतो, याविषयी गावपातळीवर मोठे गैरसमज आहेत. त्यांतील सर्वांत मोठा गैरसमज असा की, बंदुकीचा परवाना मिळाला म्हणजे शेतात आलेले जनावर मारण्याची मुभा मिळाली. वस्तुतः या दोन गोष्टी दोन निरनिराळ्या कायद्यांखाली येतात आणि त्यांचे अधिकारीही निरनिराळे आहेत. हिंगणीसारख्या अभयारण्याच्या कुशीतील गावात या दोन्ही कायद्यांची गाठ पडते, म्हणूनच हा विषय येथे अधिक स्पष्टपणे समजून घेता येतो.

हक्क की परवानगी?

शस्त्रांवरील नियंत्रणाचा आपल्याकडील इतिहास सुखद नाही. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत, १८७८ साली झालेल्या शस्त्रविषयक कायद्याने भारतीय जनतेला जवळजवळ निःशस्त्र केले, युरोपियनांना मात्र त्यातून सूट दिली. या भेदभावाविषयीची चीड राष्ट्रीय चळवळीत दीर्घकाळ टिकून राहिली. अहिंसेचे पुरस्कर्ते असलेल्या महात्मा गांधींनीही १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यातील आपल्या पत्रकात या कायद्याचा कठोर शब्दांत निषेध केला होता. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही उल्लेख होता.

स्वराज्य आल्यावर हा प्रश्न संविधान सभेपुढे आला. हिंगणी त्या वेळी ज्या मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत होते, त्याच प्रांताचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत समाविष्ट करावा अशी दुरुस्ती सुचविली. डिसेंबर १९४८ मध्ये तिच्यावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ती मान्य केली नाही. असा हक्क एकदा संविधानात घातला की मागणारा माणूस कोण व कसा आहे हे पाहण्याची सोयच उरणार नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. दुरुस्ती फेटाळली गेली. तेव्हापासून आपल्याकडे शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही, तर संसदेच्या कायद्याने नियंत्रित केलेली बाब आहे.

मात्र याचा अर्थ परवाना देणे न देणे ही अधिकाऱ्याची मर्जी आहे असा होत नाही. येथेच अनेकांची गल्लत होते. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या कलम १३ मध्ये परवाना प्राधिकाऱ्यावर काही बाबतींत स्पष्ट कर्तव्य घातलेले आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक अथवा खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली असेल, तर अधिनियमाच्या इतर तरतुदींना बाध न येता परवाना द्यावयाचा आहे. विदर्भात जिला भरमार म्हणतात तीच ही ठासणीची बंदूक. दारू, चिंध्या आणि छर्रे नळीच्या तोंडातून ठासून ती भरावी लागते. एक बार झाला की पुन्हा भरेपर्यंत वेळ जातो. विधिमंडळाने पिकासाठी हेच हत्यार पुरेसे मानले. तथापि विशिष्ट परिस्थितीत ते अपुरे आहे अशी प्राधिकाऱ्याची खात्री झाल्यास काडतुसाची गुळगुळीत नळीची बंदूकही पीकसंरक्षणासाठी देता येते. रायफल, पिस्तूल यांसारख्या शस्त्रांच्या बाबतीत मात्र अर्जदाराने सबळ कारण दाखविले पाहिजे. निषिद्ध वर्गातील शस्त्रांचा प्रश्न तर जिल्हा पातळीवर येतच नाही.

नकाराची कारणेही कलम १४ मध्ये बांधून दिलेली आहेत. अर्जदार कायद्याने अपात्र असणे, मानसिकदृष्ट्या अक्षम असणे, अन्य कारणाने अयोग्य असणे किंवा सार्वजनिक शांतता व सुरक्षितता यांना धोका असणे, ही त्यांतील प्रमुख होत. एकवीस वर्षांखालील व्यक्तीला सर्वसाधारणपणे परवाना मिळत नाही. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली व्यक्ती सुटकेनंतर पाच वर्षेपर्यंत अपात्र राहते.

याच कलमात एक लहानशी तरतूद आहे, तिच्याकडे गावातील सर्वांनी लक्ष द्यावे. केवळ पुरेशी मालमत्ता नाही या कारणावरून परवाना नाकारता येत नाही. दोन एकर कोरडवाहू जमिनीच्या धन्याचे पीक रानडुक्कर खाते तेव्हा त्याचे नुकसान पन्नास एकरवाल्यापेक्षा प्रमाणाने मोठेच असते. तेव्हा अर्जासोबतचा महसुली अहवाल जमीन खरोखर अर्जदाराच्या वहिवाटीत आहे काय आणि ती उपद्रवाच्या पट्ट्यात येते काय हे सांगण्यासाठी असतो. अर्जदाराची ऐपत मोजणे हे त्याचे काम नव्हे. नकार द्यावयाचा झाल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात. अर्जदाराने मागितल्यास त्यांचा थोडक्यात गोषवारा द्यावा लागतो. लोकहिताच्या दृष्टीने तसे करणे इष्ट नसेल तेवढाच याला अपवाद. नकाराविरुद्ध तीस दिवसांच्या आत अपिलाची तरतूद आहे. कारणांची प्रतच न मागितल्यामुळे ही मुदत निघून जाते, असे अनेकदा घडते.

अर्जाचा प्रवास

वर्धा जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकारी, हे परवाना प्राधिकारी आहेत. पोलिस आयुक्तालये असलेल्या नागपूर, पुणे, मुंबई यांसारख्या शहरांत हा अधिकार पोलिस आयुक्तांकडे असतो. १९६२ च्या नियमांची जागा १५ जुलै २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या शस्त्र नियमांनी घेतली. परवान्यांची नोंद आता राष्ट्रीय संगणकीय माहितीकोशात होते आणि प्रत्येक परवानाधारकाला एक विशिष्ट ओळख क्रमांक दिला जातो. जुन्या लाल कापडी बांधणीच्या पुस्तिकेवर विसंबून राहिलेल्या वृद्ध परवानाधारकांना हा बदल कळायला वेळ लागला. ओळख क्रमांक नसलेला परवाना आता ग्राह्य धरला जात नाही, हे ग्रामपंचायतींनी आपल्या गावातील जुन्या बंदुकांच्या मालकांना सांगितलेले बरे.

अर्ज आल्यावर प्राधिकारी जवळच्या पोलिस ठाण्याचा अहवाल मागवितो. ठाण्याकडून अर्जदाराचे वर्तन, गुन्हे नोंदी, घरातील व भाऊबंदकीतील वाद यांची चौकशी होते. पोलिस पाटलाचे मत येथे महत्त्वाचे ठरते. धुऱ्यावरून चाललेला जुना तंटा तालुक्याच्या कागदपत्रांत दिसत नाही, तो गावालाच ठाऊक असतो. पिकाच्या नावाने घेतलेली बंदूक भावाभावांच्या भांडणात वर आली तर त्याची जबाबदारी नैतिकदृष्ट्या तरी चांगल्या वर्तनाचा दाखला देणाऱ्या प्रत्येकावर येते. दाखला मागायला येणाऱ्याला नाही म्हणणे गावात अवघड असते हे खरे. पण हा रहिवासाच्या दाखल्यासारखा दाखला नव्हे.

२०१६ च्या नियमांनुसार पोलिसांनी तीस दिवसांत अहवाल द्यावयाचा असून तो मिळाल्यापासून साठ दिवसांत प्राधिकाऱ्याने निर्णय करावयाचा आहे. पोलिस अहवाल विहित मुदतीत आला नाही तर त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याची मोकळीकही अधिनियमातच आहे. प्रत्यक्षात कोणताही जिल्हा दंडाधिकारी पोलिसांचे मत आल्याविना सहसा सही करीत नाही. त्यामागे सावधगिरी आहे, आणि ती अगदीच गैरवाजवी म्हणता येत नाही. अर्जदाराला वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते, शस्त्र हाताळण्याच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि घरात बंदूक कशी व कोठे सुरक्षित ठेवणार याची हमी द्यावी लागते. कुडाच्या घरात खुंटीवर टांगलेली बंदूक हे चित्र आता कायद्याला मंजूर नाही.

दहा किलोमीटरचे वर्तुळ

येथवरची पद्धत राज्यातील कोणत्याही गावाला लागू आहे. हिंगणीचे वेगळेपण यापुढे सुरू होते.

बोर अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, वन्य जीव (संरक्षण) अधिनियम संमत झाला आणि आधीची अभयारण्ये त्या अधिनियमाखालील अभयारण्ये म्हणून गणली गेली. २०१२ मध्ये नवीन बोर अभयारण्याची भर पडली, २०१४ मध्ये आणखी विस्तार झाला आणि त्याच वर्षी सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा बोर व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. देशातील लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. प्रकल्प लहान, म्हणून त्याच्या सीमेचा आणि शेतांचा संबंध अधिक निकटचा.

वन्य जीव अधिनियमाच्या कलम ३४ मध्ये शस्त्रांविषयी तीन बाबी सांगितल्या आहेत. पहिली अशी की, एखादे क्षेत्र अभयारण्य घोषित झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, अभयारण्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्रपरवानाधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकांकडे आपल्या नावाची नोंद करून घेण्यासाठी अर्ज करावयाचा आहे. दुसरी बाब १९९१ च्या दुरुस्तीने आली. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या परिघात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीवाचून शस्त्र अधिनियमाखाली नवीन परवाना देता येत नाही. तिसरी बाब २०२२ च्या दुरुस्तीने, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, लागू झाली. या परिघात राहणाऱ्या व्यक्तीच्या परवान्याचे नूतनीकरणही मुख्य वन्यजीव रक्षकांना किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवूनच करावयाचे आहे.

हिंगणी या दहा किलोमीटरच्या आत येते. म्हणजे येथील शेतकऱ्याने पीकसंरक्षणासाठी अर्ज केला की पोलिस व महसूल या दोन खात्यांबरोबर वन खात्याचे तिसरे दार उघडते, आणि ते दार केवळ मत मागण्याचे नाही. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल असला तरी जिल्हा दंडाधिकारी कारणे देऊन परवाना देऊ शकतात. मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती नसेल तर मात्र त्यांचे हात बांधलेले आहेत. 'अहवाल' आणि 'पूर्वसंमती' या दोन शब्दांतील हा फरक कार्यालयीन टिपणीत अनेकदा पुसला जातो. 'वन विभागाचे अभिप्रायार्थ' असा शेरा मारून फाईल पाठवली जाते. स्थानिक वन अधिकारी आपला अभिप्राय कळवितात. पण कायद्याने ज्या अधिकाऱ्याची संमती मागितली आहे त्याच्यापर्यंत कागद गेलेलाच नसतो. असा परवाना पुढे आव्हान मिळाल्यास टिकणे कठीण, आणि त्याचा भुर्दंड शेतकऱ्याला पडतो.

दुसरी अडचण मुदतीची आहे. शस्त्र नियमांत पोलिसांना तीस आणि दंडाधिकाऱ्यांना साठ दिवस दिलेले आहेत. वन्यजीव रक्षकांच्या संमतीला कलम ३४ मध्ये मुदत घातलेली नाही. मुदत नसलेला टप्पा मध्ये आला की मुदत असलेले टप्पेही कागदावरच राहतात. पोलिस अहवाल आल्यावर वन खात्याकडे फाईल पाठविण्याऐवजी अर्ज दाखल झाला त्याच दिवशी दोन्हीकडे प्रती पाठविल्या तर अर्जदाराचा एक हंगाम वाचू शकतो. कायद्यात याला कोणतीही आडकाठी नाही.

परिघ मोजण्याचा प्रश्नही दिसतो तितका सरळ नाही. अंतर गावठाणापासून धरावयाचे की शेतापासून? नोंदणी आणि नूतनीकरण यांच्या बाबतीत कायदा राहण्याच्या ठिकाणाविषयी बोलतो. नव्या परवान्याच्या बाबतीत तो नुसते 'परिघात' असे म्हणतो. पीकसंरक्षणाची बंदूक वापरली जाते शेतात. तेव्हा घर बाहेर आणि शेत आत असेल तरी संमती मागणे हाच निर्धोक अर्थ ठरतो. शिवाय २०१२ आणि २०१४ मध्ये संरक्षित क्षेत्राची सीमा पुढे सरकली तसे वर्तुळही सरकले. पूर्वी बाहेर असलेली गावे आत आली आणि तेथील जुन्या परवानाधारकांवर नोंदणीचे कर्तव्य नव्याने येऊन पडले. अभयारण्याची अधिसूचना राजपत्रात येते. ती गावातील भरमार बंदुकीच्या मालकाच्या हाती पडत नाही. ग्रामसभेत ती वाचून दाखविणे हे म्हणून औपचारिक काम मानू नये.

वारसाहक्काने येणाऱ्या बंदुकीचे काय, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. वडिलांचा परवाना मुलाला आपोआप मिळत नाही. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या कायदेशीर वारसाला, किंवा परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केल्यावर अथवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर त्याने नामनिर्देशित केलेल्या वारसाला परवाना देण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. पण तो दुसऱ्या व्यक्तीच्या नावे निघणारा परवाना असतो. त्यामुळे वर्तुळातील गावात त्यालाही वन्यजीव रक्षकांच्या संमतीची अट लागू होते असेच धरून चालणे योग्य. हा परवाना मिळेपर्यंत बंदूक घरात ठेवता येत नाही. अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावयाची असते. दहावा-तेरावा आटोपेपर्यंत कोणाला बंदुकीची आठवण होत नाही हे समजण्यासारखे आहे. परंतु वर्षानुवर्षे पेटीत पडून राहिलेली आजोबांची बंदूक कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना शस्त्रच ठरते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास अशी झाली आहे. याच दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. वारसाने आलेल्या बंदुकाही तीत मोजल्या जातात. परवान्याची मुदत मात्र तीनऐवजी पाच वर्षे झाली, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने सोयीची गोष्ट होय.

बंदूक आहे, पण गोळी कोणावर?

परवाना मिळाला, बंदूक घेतली. आता शेतात रानडुक्कर शिरले. पुढे काय?

वन्य जीव अधिनियमाच्या कलम ९ ने शिकारीला बंदी केली आहे. या बंदीला कलम ११ मध्ये अपवाद आहे. अनुसूची एकमधील प्राणी, उदाहरणार्थ वाघ व बिबट्या, मानवी जीवितास धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगग्रस्त असेल तरच त्याच्या शिकारीची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा स्थलांतरित करणे शक्य नाही याची आधी खात्री करून घ्यावी लागते. दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत तरतूद थोडी सैल आहे. रानडुक्कर आणि रोही तीत येतात. ते मानवी जीवितास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक झाले असतील, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतात. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर व रोही यांच्या बाबतीत ही पद्धत सुलभ करणारे आदेश काढले.

म्हणजे शेतकऱ्याजवळ दोन कागद हवेत. एक बंदुकीचा परवाना आणि दुसरा त्या विशिष्ट प्रसंगासाठीची वन खात्याची लेखी परवानगी. पहिला असून दुसरा नसेल तर मारलेले डुक्कर हा वन्यजीव गुन्हा होतो. दुसरा असून पहिला नसेल तर बंदूकच बेकायदा ठरते. परवानगीने मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता असतो. त्याचे मांस वाटून घेणे हा पुन्हा वेगळा गुन्हा आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या बचावासाठी सद्भावनेने प्राणी मारणे हा अपराध नाही. पण त्या वेळी मारणारा स्वतःच बेकायदा कृत्य करीत असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. पिकाचा बचाव या संरक्षणात येत नाही. येथे कायद्याने जीव आणि पीक यांत रेघ ओढली आहे.

काही राज्यांनी केंद्र शासनाकडून विशिष्ट प्राणी विशिष्ट मुदतीसाठी उपद्रवी घोषित करून घेतले. बिहारमध्ये २०१५ साली रोही व रानडुक्कर यांच्याबाबत तशी अधिसूचना निघाली होती. उपद्रवी घोषित झालेल्या प्राण्याला त्या मुदतीपुरते आणि त्या क्षेत्रापुरते शिकारबंदीचे कवच राहत नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेवर हा मार्ग जपूनच चोखाळावा लागेल, कारण रानडुक्कर आणि रोही हे वाघाचे भक्ष्य आहे. भक्ष्य संपले की वाघ गोठ्याकडे वळतो, हे हिंगणी-बोर भागातील गुराख्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

बंदूक प्रत्यक्षात बहुधा बार काढून जनावरे पिटाळण्यासाठीच वापरली जाते. तेथेही काही पथ्ये आहेत. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर वापराचे क्षेत्र लिहिलेले असते. त्या बाहेर, लग्नाच्या वरातीत किंवा बाजाराच्या गावी बंदूक नेता येत नाही. आनंदोत्सवात निष्काळजीपणे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा २०१९ पासून स्वतंत्र अपराध असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अभयारण्याच्या हद्दीत तर लेखी पूर्वपरवानगीवाचून शस्त्र घेऊन पाऊलही टाकता येत नाही. ज्यांचे शेत थेट हद्दीला लागून आहे त्यांनी जखमी जनावराच्या मागे बंदूक घेऊन आत जाण्याचा मोह टाळलाच पाहिजे.

त्याहून नित्य घडणारी चूक म्हणजे सालदाराच्या हाती बंदूक देणे. मालक गावात झोपतो आणि जागलीला सालदार जातो, ही आपल्याकडची रीतच आहे. कायद्याने परवाना व्यक्तीला दिलेला असतो, शेताला नव्हे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने, दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी दुसऱ्याने बंदूक वाहून नेली तर चालते. रात्रभर एकट्याने मचाणावर बंदूक घेऊन बसणारा सालदार या अपवादात बसत नाही. त्याचे नाव परवान्यावर नोंदले गेलेले नसेल, तर तो विनापरवाना शस्त्रधारी ठरतो आणि मालकाचा परवानाही धोक्यात येतो. अटींचा भंग हे परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचे कलम १७ मधील स्पष्ट कारण आहे.

तारांचे कुंपण

बंदुकीचा मार्ग लांबचा आणि कागदांचा, म्हणून काही शेतकरी कुंपणाच्या तारांत थेट वीजप्रवाह सोडतात. हा उपाय कोणत्याही कायद्यात बसत नाही आणि तो जनावर ओळखत नाही. ब्रह्मपुरी भागातून पकडून आणलेली एक वाघीण २०१७ मध्ये बोरच्या जंगलात सोडण्यात आली होती. तिच्या हल्ल्यांमुळे तिला ठार मारण्याचा आदेश वन खात्याने काढला, त्याला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आव्हान मिळाले आणि प्रकरण न्यायालयाच्या तपासणीतून गेले. शासनाच्या स्वतःच्या नेमबाजालाही कलम ११ खालील सकारण लेखी आदेशाशिवाय गोळी झाडता येत नाही, आणि तो आदेशही न्यायालयात तपासला जातो, हे त्या प्रकरणाने सर्वांना दाखविले. आदेशाची अंमलबजावणी होण्यापूर्वीच, ऑक्टोबर २०१७ मध्ये, वर्धा जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात शेताच्या कुंपणातील विजेचा धक्का बसून ती वाघीण मेली. अशा तारांना केवळ वाघच बळी पडतो असे नाही. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही बळी पडू शकतो. ठरावीक अंतराने झटका देणारे सौर कुंपण ही वेगळी वस्तू आहे. तिचा आणि थेट प्रवाहाचा गोंधळ करू नये.

वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई हा दुसरा कायदेशीर मार्ग आहे. त्यासाठी नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत तक्रार नोंदविणे आणि संयुक्त पंचनामा होईपर्यंत शेताची स्थिती मोडू न देणे आवश्यक असते. ज्याच्याकडे बंदुकीचा परवाना आहे त्यालाही ही भरपाई मागता येते. या तक्रारींचा आणखी एक उपयोग आहे, तो फारसा कोणी लक्षात घेत नाही. पुढे परवान्यासाठी अर्ज करताना किंवा कलम ११ खालील परवानगी मागताना उपद्रव खरा व सततचा असल्याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे पूर्वीचे पंचनामेच होत. 'जनावरांचा फार त्रास आहे' या वाक्यापेक्षा लागोपाठच्या हंगामांतील पंचनाम्यांच्या प्रती अधिक बोलतात.

निवडणुकीच्या दिवसांत

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना बंदुका जमा करण्याच्या नोटिसा येतात. पूर्वी ही कारवाई बहुतेक ठिकाणी सरसकट होत असे. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरसकट जमा करण्याची पद्धत योग्य नसल्याचे सांगून प्रत्येक प्रकरणाची छाननी करण्याचे निर्देश दिले. त्यानंतर निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार जिल्ह्यात छाननी समिती बसते. जिल्हा दंडाधिकारी आणि पोलिस अधीक्षक तीत असतात. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत विशेषतः निवडणूक काळातील दंगलीत गुंतलेले परवानाधारक प्रथम विचारात घेतले जातात.

विदर्भात विधानसभेची निवडणूक पुष्कळदा दिवाळीच्या आगेमागे येते. २०१९ मध्ये मतदान ऑक्टोबरात आणि २०२४ मध्ये नोव्हेंबरात झाले. नेमक्या याच दिवसांत कपाशी फुटलेली, तूर फुलोऱ्यावर आलेली आणि हरभरा उगवलेला असतो. ज्या शेतकऱ्याविरुद्ध काहीच नोंद नाही त्याची बंदूक अशा वेळी ठाण्यात ठेवून घेण्यात शांततेचा लाभ किती आणि पिकाची हानी किती, याचा विचार समितीने करावा अशीच उच्च न्यायालयाच्या निर्देशांची दिशा आहे. नोटीस आलेल्या परवानाधारकाने ती दुर्लक्षून चालणार नाही, पण आपली बंदूक पीकसंरक्षणाची आहे व शेत जंगलालगत आहे हे लेखी निवेदनाने समितीपुढे जरूर मांडावे. सातबारा आणि आधीचे पंचनामे निवेदनासोबत जोडावेत.

बंदूक जमा करावी लागलीच तर ठाण्यातून पावती घ्यावी, तीवर शस्त्राचा क्रमांक, नळीची स्थिती आणि सोबत दिलेल्या काडतुसांची संख्या लिहून घ्यावी. निकालानंतरची ठरलेली मुदत संपताच शस्त्रे परत करावयाची असतात. परत घेताना क्रमांक जुळवून पाहावा आणि पावतीची एक प्रत परवान्यासोबत जपून ठेवावी. नूतनीकरणाच्या वेळी मधल्या काळात शस्त्र कोठे होते हे विचारले जाते, तेव्हा तोंडी उत्तर चालत नाही.